डोंगराआडच्या गावात फोर-जी : घरी केलेला अँटेना, केबल आणि टॉवरचा नेम

पायथा
गाव तळकोकणात, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याला. फायबर इथवर आलेलं नाही, म्हणून घरचं इंटरनेट सगळं फोर-जी रूटरवर. टॉवर सरळ रेषेत साधारण ५ किमी, मध्ये डोंगराची एक सोंड. रूटरच्या पानावरचे आकडे: खालच्या खोलीत आरएसआरपी उणे ११६, एसआयएनआर १. माळ्यावर, कौलांखाली उणे १०९ आणि ४. सिम जिओचं, बहुतेक वेळ बँड ३ (१८०० मेगाहर्ट्झचा फ्रिक्वेन्सी-पट्टा), अधूनमधून बँड ५ (८५० चा). रूटरला फिरवून काढता येणारे दोन अँटेना आहेत. बायक्वाड (तारेचे दोन चौकोन आणि मागे पत्रा असलेला अँटेना) घरीच करायचा आहे. मापं, तार, पत्रा, केबल यांबद्दल नेमकं सांगाल का? कौलांच्या वर न्यायचा तर रूटरपर्यंत १५ मीटर केबल लागेल.

लघुलहरी
सिग्नलच्या काड्या न सांगता आकडे दिलेत, त्यामुळे बोलणं सोपं झालं. इतर वाचणाऱ्यांसाठी: आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोराने पोहोचतो ते. उणे ८० ते ९० उत्तम, उणे १०० कामापुरता, उणे ११० च्या पलीकडे ओढाताण, उणे १२० ला दोर तुटतो. एसआयएनआर म्हणजे तो सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते. २० च्या वर छान, १० ते २० चालण्याजोगा, ५ च्या खाली पान उघडायलाही वेळ. वेग ठरतो तो मुख्यतः दुसऱ्या आकड्यावर. हे आकडे डेसिबलमध्ये (डीबी) मोजतात, दर ३ डीबीला शक्ती दुप्पट होते हे लक्षात ठेवा, म्हणजे केबलमध्ये ३ डीबी गेले तर निम्मा सिग्नल गेला.

तुमच्या घरात नुसतं खोलीतून माळ्यावर गेल्यावर ७ डीबी मिळाले, आणि ते फुकट. बायक्वाडचा गेन, म्हणजे एका दिशेला सिग्नल एकवटण्याची ताकद, साधारण १० डीबीआय (अँटेनाच्या गेनचं डीबीतलं माप). म्हणून क्रम असा ठेवा: आधी उंची, मग केबल, अँटेनाचा आकार शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि सुंदर अँटेना करून तो वाईट केबलला जोडतात.

जांभा
अँटेना करण्याआधी अर्धा दिवस मोजणीला द्या. लांब एक्स्टेन्शन घेऊन रूटरच घराभोवती फिरवा: आढ्याजवळ, अंगणात, विहिरीच्या कट्ट्यावर, गोठ्याच्या मागे. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबून चार आकडे लिहा: बँड, पीसीआय, आरएसआरपी, एसआयएनआर. पीसीआय हा टॉवरच्या त्या तोंडाचा (एका दिशेला पाहणाऱ्या भागाचा) क्रमांक, ० ते ५०३ मधला. तो बदलला तर तुम्ही दुसऱ्याच टॉवरला किंवा त्याच टॉवरच्या दुसऱ्या तोंडाला जोडले गेलात, आणि आधीच्या नोंदीशी तुलना करण्यात अर्थ उरला नाही.

टॉवर कुठे आहे हे दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशात दिसतं. सेलमॅपर आणि नेटमॉन्स्टर या ॲपवरही अंदाज येतो, पण तिथली टॉवरची जागा कधी कधी लोकांच्या नोंदींवरून काढलेली असते, ती डोळे मिटून धरू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं की सिग्नलचे आकडे दिसतात.

लघुलहरी
आता बायक्वाड. बँड ३ मध्ये फोन बोलतो १७१० ते १७८५ मेगाहर्ट्झवर आणि ऐकतो १८०५ ते १८८० वर. अँटेनाला दोन्ही सांभाळायचं असतं, म्हणून माप मधल्या १७९५ वर काढायचं. तरंगलांबी १६७ मिमी. चौकोनाची एक बाजू त्याच्या पावपट, म्हणजे ४२ मिमी.

साहित्य, एका अँटेनाला:
१४ गेजची सलग तांब्याची तार (जाडी २ मिमी), ३६ सेंमी. हल्लीची घरगुती वायर बारीक धाग्यांची असते, ती नको.
जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा, १७ × १७ सेंमी किंवा थोडा मोठा.
आरजी-५८ केबलचा २५ ते ३० सेंमी तुकडा, एका टोकाला एसएमए (रूटरच्या अँटेनाला असतो तो आट्यांचा छोटा जोड) बसवलेला.
पीव्हीसी पाइपाचे २१ मिमी उंचीचे दोन टेकू.

तार एका बाजूने व्हाइसमध्ये धरा, दुसऱ्या टोकाला पक्कड लावून ओढा, ती सुतासारखी सरळ होते. एका टोकापासून दर ४२ मिमीला खूण करा, आठ बाजू म्हणजे ३३६ मिमी. खुणांवर काटकोनात वाकवायचं. पहिली तीन वळणं एकाच दिशेने, चौथं (१६८ मिमीवरचं) उलट दिशेने, पुढची तीन पुन्हा पहिल्या दिशेने. दोन चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून उभे राहतात. तारेची दोन्ही टोकं मध्यावर येऊन भेटतात, तिथे त्यांना डाग देऊन एक करा. समोर असतं ते चौथं वळण. या दोन बिंदूंमध्ये ३ मिमी फट राहू द्या, एकमेकांना शिवू देऊ नका.

पत्र्याच्या मध्यावर भोक पाडून केबल मागून पुढे आणा. आतली तार एका बिंदूला, जाळी दुसऱ्याला. सोललेला भाग जितका आखूड तितका बरा, ५ मिमीच्या वर नको. टेकू दोन बाहेरच्या कोपऱ्यांखाली चिकटवा. तार आणि पत्रा यांतलं अंतर सगळीकडे २१ मिमी भरायला हवं. इथे २ मिमीची चूक चालते, ५ मिमीची नाही. बाजूचं माप चुकलं तर बँडच चुकतो, अंतराचं चुकलं तर केबलशी जुळणी बिघडते.

पायथा
बँड ५ साठी काय बदलावं लागेल?

लघुलहरी
सूत्र एकच. बाजू (मिमी) = ७५,००० भागिले मेगाहर्ट्झ. पत्र्यापासूनचं अंतर त्याच्या निम्मं. पत्रा बाजूच्या चौपट किंवा जास्त.
बँड ५, मध्य ८५९: बाजू ८७, अंतर ४४, पत्रा ३५ सेंमी.
बँड ८, मध्य ९२०: ८१.५, ४१, पत्रा ३३ सेंमी.
बँड १, मध्य २०४५: ३६.७, १८, पत्रा १५ सेंमी.
बँड ४०, मध्य २३५०: ३२, १६, पत्रा १३ सेंमी.
बँड २८, मध्य ७५३: ९९.५, ५०, पत्रा ४० सेंमी.
१८०० साठी केलेला अँटेना ८५० वर जवळजवळ बहिरा असतो. रूटरमध्ये बँड निवडून ठेवायची सोय असेल तर अँटेना ज्या बँडचा तोच पक्का करा, नाहीतर रूटर मनाने ५ वर जाईल आणि अँटेनाने काही फरक पडला नाही असं वाटेल.

मुरूम
डोंगराची सोंड मध्ये असेल तर ५ वर जाण्यातच शहाणपण नाही का? कमी फ्रिक्वेन्सी डोंगरावरून जास्त वाकते.

लघुलहरी
वाकते, पण ८५० ला जागा कमी असते. १८०० आणि २३०० वर सहसा रुंद पट्टा मिळतो, म्हणून वेगही तिथे जास्त. आधी ३ करून पाहावा, एसआयएनआर ८ च्या वर टिकत नसेल तरच ५ कडे जावं. कडा नेमका दृष्टिरेषेला टेकत असेल तर त्याने साधारण ६ डीबी खाल्ले जातात, हे भरून काढता येण्याजोगं आहे. घर कड्याच्या खूप खाली असेल तर मात्र १८०० वर आशा कमी.

आणि टॉवर दिसत नाही तेव्हा अँटेनाचं तोंड टॉवरच्या दिशेला ठेवायचंच असं नाही. सोंडेच्या वरच्या कडेकडे थोडं तोंड वर करून पाहा. कधी समोरच्या उघड्या कातळावरून परावर्तित होऊन येणारा सिग्नल थेट दिशेपेक्षा स्वच्छ असतो. म्हणून पूर्ण ३६० अंश फिरवून पाहिल्याशिवाय दिशा पक्की करू नका.

तांबट
केबलबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, आणि खरा घोळ तिथेच होतो. १८०० मेगाहर्ट्झवर दर मीटरला होणारं नुकसान साधारण असं:
आरजी-५८: ०.८ डीबी
आरजी-६ (डीटीएचची केबल): ०.३ डीबी
एलएमआर-४००: ०.२ डीबी
तुमच्या १५ मीटरला आरजी-५८ मध्ये १२ डीबी जातील. बायक्वाडने दिलेले १० त्यात संपले, वर २ पदरचे गेले. बाजारात तयार एसएमए जोडलेली १० मीटरची जी बारीक काळी केबल मिळते ती याच जातीची किंवा हिच्याहून बारीक असते. ती घेऊ नका.

डीटीएचची आरजी-६ सगळ्या तालुक्यांत मिळते आणि १५ मीटरला साडेचार डीबी घेते. ती ७५ ओहमची, रूटर ५० ओहमचा, म्हणून लोक तिला नाकारतात. हिशेब करून पाहा: ५० आणि ७५ च्या सांध्यावर ४ टक्के शक्ती परतते, म्हणजे ०.२ डीबीसुद्धा नाही. दोन्ही टोकांचे मिळून ०.४ धरा. आरजी-५८ टाळून वाचवलेल्या साडेसात डीबीपुढे ते काहीच नाही. फक्त एक अडचण आहे. आरजी-६ ची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर साधा डाग बसत नाही. म्हणून लघुलहरींनी सांगितलेला आरजी-५८ चा छोटा तुकडाच अँटेनाला सोल्डर करा, त्यापुढे एसएमए ते एफ (डीटीएच केबलचा आट्यांचा जोड) असा जोड लावून आरजी-६ चालवा.

एसएमए घेताना बारकाईने पाहा. फोर-जी रूटरला साधा एसएमए असतो, वाय-फायच्या अँटेनाला बहुतेक आरपी-एसएमए. आटे दोन्हीचे बसतात, पण एका जोडीत दोन्हीकडे भोक आणि दुसरीत दोन्हीकडे टाचणी येते. भोकाला भोक लागलं की वरून सगळं घट्ट आणि आत जोडणीच नाही. अँटेना लावून सिग्नल कमी झाला अशा तक्रारीत पहिल्यांदा हेच तपासावं. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे हे जोड सुटे मिळतात. दुकानदाराला नाव सांगण्यापेक्षा रूटरचा जुना अँटेना खिशातून नेऊन दाखवलेला बरा.

पायथा
अँटेना झाला. मल्टीमीटर लावला तर एसएमएच्या टाचणीपासून बाहेरच्या आट्यांपर्यंत सरळ बीप येतोय. शॉर्ट झालंय का?

लघुलहरी
नाही, असाच यायला हवा. बायक्वाड ही बंद तार आहे, एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत ती चौकोनाला वळसा घालून पोहोचतेच. मल्टीमीटरच्या एकदिश विजेला तो शॉर्ट दिसतो, १८०० मेगाहर्ट्झला दिसत नाही. उलट बीप आला नाही तर कुठला तरी डाग सुटला आहे.

नीट तपासायचं तर व्हीएनए (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळतो ते आलेखात दाखवणारं यंत्र) लागतो. स्वस्तातला जुना नॅनो-व्हीएनए १.५ गिगाहर्ट्झपर्यंतच जातो, तो बँड ५ आणि ८ ला चालेल. १८०० आणि २३०० साठी ३ गिगाहर्ट्झपर्यंतचा हवा. १७१० ते १८८० मध्ये एसडब्ल्यूआर (किती शक्ती परतते त्याचं माप, १ म्हणजे शून्य) २ च्या खाली असेल तर हात लावू नका. १.३ करण्याच्या नादात जाणारा वेळ वाया जातो, २ ला फक्त ११ टक्के शक्ती परतते. आलेखातला खड्डा खालच्या फ्रिक्वेन्सीवर दिसला तर बाजू मोठ्या झाल्यात, वर दिसला तर छोट्या.

सडा
रूटरला अँटेना जोडायची दोन तोंडं आहेत ना, मग एकच अँटेना का? टॉवर डेटाचे दोन प्रवाह एकमेकांना काटकोनात असलेल्या ध्रुवणात (लहरीच्या कंपनाच्या दिशेत) पाठवतो, एक डावीकडे ४५ अंश आणि एक उजवीकडे ४५ अंश झुकलेला. दोन बायक्वाड करा. चौकोन आडवे शेजारी-शेजारी ठेवले की ध्रुवण उभं होतं, एकावर एक ठेवले की आडवं. म्हणून एक बायक्वाड उजवीकडे ४५ अंश तिरका, दुसरा डावीकडे ४५ अंश तिरका बसवायचा. मध्यापासून मध्यापर्यंत निदान २० सेंमी अंतर. दोन्ही केबल एकाच जातीच्या, एकाच लांबीच्या.

एकच बाहेरचा अँटेना आणि दुसऱ्या तोंडाला रूटरचा मूळ अँटेना असं ठेवलं तर दोन वाटांमध्ये १५-२० डीबीची तफावत पडते आणि दुसरा प्रवाह मिळतच नाही. सिग्नल फारच क्षीण असेल तर तसाही दुसरा प्रवाह क्वचितच चालतो, पण एसआयएनआर १२-१५ च्या पुढे गेला की वेगात मोठा फरक पडतो.

मुरूम
जुनी डीटीएचची डिश पडून आहे, ६० सेंमी. तिचा उपयोग?

सडा
चांगला होतो, १८०० पासून वर. ५० टक्के कार्यक्षमता धरली तर ६० सेंमी डिश १७९५ वर सुमारे १८ डीबीआय देते, २३५० वर २० च्या आसपास. ८५० वर करू नका, तिथे डिश तरंगलांबीच्या दुप्पटही भरत नाही, नुसता वारा अडवेल.

एलएनबी (दांडीच्या टोकाचा, सिग्नल घेणारा डबा) काढून त्याच्या तोंडाच्या जागी बायक्वाड, तार डिशकडे आणि पत्रा मागे. चौकोनांचा मध्य एलएनबीच्या तोंडाच्या बिंदूवर यायला हवा.

नेम इथे फसवतो. या डिश तिरप्या जातीच्या असतात, दांडी खालून येते आणि किरण डिशच्या काटकोनात जात नाही, २२ ते २६ अंश वर जातो. उपग्रह आकाशात उंच, टॉवर क्षितिजाजवळ. डिश नुसती उभी केली तर ती टॉवरच्या डोक्यावरून पाहते. क्षितिजाकडे पाहायला तिला तेवढेच अंश पुढे, जमिनीकडे झुकवावं लागतं आणि मूळ पकडीत तेवढा वाव नसतो. सोपं म्हणजे डिश पाव फेरा फिरवून दांडी बाजूला आडवी घ्या. मग डिश सरळ उभी राहते, पण तिचा किरण दांडीच्या विरुद्ध बाजूला सुमारे २४ अंश वळलेला असतो. तेवढी डिश उलट वळवा. किरणाची रुंदी १८०० वर २० अंशांच्या आत येते, त्यामुळे ५ अंशांच्या पायरीने फिरवावं लागेल. नुसत्या बायक्वाडला ५०-६० अंशांची मोकळीक असते, तिथे १५ च्या पायऱ्या पुरतात.

वेताळवाट
पत्र्याच्या डब्याचा अँटेना कसा? दुधाच्या पावडरचा डबा आहे.

लघुलहरी
वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झसाठी डबा छान, १८०० ला अवघड. आतली लहर चालायला व्यास किमान ९.८ सेंमी हवा, पण इतक्या जवळ राहिलं तर फोन बोलतो ती १७१० ची बाजू गुदमरते. १२.८ च्या वर गेलं तर नको असलेला दुसरा प्रकार आत शिरतो. १२ सेंमीचा डबा मिळाला तर आतली तार ४२ मिमी उंच, बंद तळापासून ७२ मिमीवर, डब्याची लांबी २२ सेंमी किंवा जास्त. डब्याच्या आतल्या नागमोडी रेघा माप बिघडवतात. इतक्या खटपटीनंतर गेन बायक्वाडएवढाच. बायक्वाडच करा.

पायथा
दोन बायक्वाड ४५ अंशांत, आढ्याच्या वर दीड मीटर पाइपावर, आरजी-६ ने जोडले. टॉवरच्या दिशेने आरएसआरपी उणे ९७, एसआयएनआर ७. टॉवरपासून साधारण ३० अंश डावीकडे फिरवल्यावर आरएसआरपी उणे १००, पण एसआयएनआर १३. पीसीआय तोच. कुठे ठेवावं?

जांभा
१३ वर. डोळे मिटून. डावीकडे वळवल्यावर तुमचा सिग्नल ३ डीबी कमी झाला, पण मागून किंवा बाजूने येणाऱ्या दुसऱ्या टॉवरचा त्याहून जास्त कमी झाला. एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलणारा शेजारचा टॉवर हाच ग्रामीण भागातला मोठा गोंगाट असतो, विशेषतः उंच जागी. अँटेना जितका वर नेता तितके दूरचे टॉवरही ऐकू येतात, म्हणून एका उंचीनंतर आरएसआरपी वाढतो आणि एसआयएनआर खाली येतो. पाइप अर्धा-अर्धा मीटर वरखाली करूनही एकदा पाहा.

पडताळणी सकाळी सहाच्या सुमारास करा, टॉवरवर गर्दी नसते. आकडे दिवसभर तेच राहून वेग फक्त रात्री नऊला पडत असेल तर टॉवर भरलेला आहे किंवा टॉवरमागची जोडणी तोकडी आहे. त्याला अँटेना हा इलाज नाही, दुसऱ्या बँडवर किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमवर पाहावं.

तांबट
१५ मीटर केबल टाळायचा आणखी चांगला मार्ग सांगतो. रूटरच वर न्या. अँटेनाच्या खाली खांबावर पांढऱ्या पीव्हीसीचा पेटी-डबा, आत रूटर, अँटेनापासून एक मीटर केबल. खाली येते ती लॅन केबल, तिला १५ काय ५० मीटरलाही सिग्नलचं नुकसान नाही. घरात साधा वाय-फाय रूटर.

वीज त्याच केबलच्या रिकाम्या चार तारांतून जाते. ही युक्ती १०० एमबीपीएसच्या लॅनलाच लागू, गिगाबिटला आठही तारा लागतात. १२ व्होल्ट, १ अँपिअर रूटरला २० मीटरवर दोन-दोन तारा जोडून साधारण १.७ व्होल्ट वाटेत पडतात. वर १०.३ पोहोचले तर काही रूटर चालतात, काही सिग्नल शोधताना बंद पडून पुन्हा सुरू होतात. त्यापेक्षा खालून १९ व्होल्टचा लॅपटॉपचा अडॅप्टर लावा आणि वरच्या पेटीत एलएम-२५९६ चं, व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट १२ व्होल्टवर बसवा. रूटर जोडण्याआधी मल्टीमीटरने १२ मोजून घ्या, ते सर्किट पाकिटातून कुठल्याही व्होल्टेजवर येतं. केबल शुद्ध तांब्याची घ्या, तांबं चढवलेल्या ॲल्युमिनियमची नको, तिच्यात व्होल्टेज जास्त पडतं आणि सांध्यावर ती मोडते.

पेटीवर वरून पत्र्याची किंवा झापाची सावली हवी. एप्रिल-मे महिन्यांत उन्हातली बंद पेटी रूटरला सोसत नाही. बुडाला ५ मिमीची दोन भोकं, जाळी लावून, नाहीतर मुंग्या वसाहत करतात.

खारेवारे
पावसाबद्दल. अँटेना उघडा ठेवू नका. तारेवर पाण्याचा थर बसला की तिचं माप बदलल्यासारखं होतं आणि बँड खाली सरकतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात बंद करा. काळं प्लास्टिक टाळा, त्यात काजळी असेल तर ते सिग्नल खातं. संशय असेल तर डब्याचा तुकडा मायक्रोवेव्हमध्ये पाण्याच्या पेल्याशेजारी मिनिटभर ठेवा, तापला तर तो नको. डब्याला खाली एक भोक ठेवा, पूर्ण बंद डब्यात दमटपणा साचतो.

बाहेरच्या प्रत्येक सांध्यावर स्वतःत विरघळून एकजीव होणारी रबरी टेप, तिच्यावर इन्सुलेशन टेप, खालून वर गुंडाळत. नुसती इन्सुलेशन टेप जुलैपर्यंत सुटते. आरजी-६ मध्ये एकदा पाणी शिरलं की जाळीतून ते मीटरभर चढतं, तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकतं. समुद्राजवळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तांबं थेट लावू नका, सांधा गंजतो. नटबोल्ट आणि वायसर स्टेनलेसचे.

खांब कौलांच्या रिपांना बांधू नका, भिंतीला धरा. चिऱ्याच्या भिंतीत फिशर (स्क्रूचा प्लास्टिक प्लग) टिकत नाही, वाऱ्याने भोक मोठं होतं. आरपार बोल्ट आणि आतून पट्टी लावा. दीड इंची जीआय पाइप तीन मीटरच्या वर मोकळा असेल तर तीन बाजूंनी ताणतारा हव्यात. डिश लावली असेल तर दोन मीटरलाच लावा.

आणखी एक. मोजणी मे महिन्यात केली असेल तर जूनमध्ये आकडे ३-४ डीबी खाली येतील, वाटेत आंबा-काजूची झाडं असतील तर अधिक. ओली पानं सिग्नल शोषतात. तेवढा हात राखूनच उंची ठरवा.

सडा
विजेचं कोणीच लिहिलं नाही. खांब स्वतंत्र ८ गेजच्या जीआय तारेने जमिनीतल्या अर्थिंगला जोडा, तार घराबाहेरूनच सरळ खाली न्या, तिला वळसे नकोत. तीच अर्थिंग घराच्या अर्थिंगशी जोडलेली असावी, नाहीतर दोन अर्थिंगमधल्या फरकाने रूटर जळतो. केबल घरात शिरते तिथे गॅस ट्यूबचा अरेस्टर बसवता येतो, तो आसपास पडलेल्या विजेच्या लाटेपासून वाचवतो. थेट पडलेली वीज कशालाही जुमानत नाही. मे-जूनची वळवाची वादळं आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दोन काळांत गडगडाट ऐकू आला की लॅन आणि वीज दोन्ही काढून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप जवळ पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. खांबावर चढायचं काम आभाळ भरून आलेलं असताना करू नका, आणि खांब आडवा झाला तरी वीजवाहिनीपर्यंत पोहोचणार नाही एवढं अंतर आधी मोजून घ्या. यात तडजोड नको.

वेताळवाट
एवढं करण्यापेक्षा ऑनलाइन मिळणारा मोबाइल बूस्टर लावला तर?

तांबट
लावू नका. परवान्याशिवाय बूस्टर बसवणं बेकायदा आहे, दूरसंचार विभाग असे बूस्टर जप्त करतो. तांत्रिकदृष्ट्याही तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, एसआयएनआर सुधारत नाही. आतला आणि बाहेरचा अँटेना एकमेकांना ऐकू लागला की तो शिट्टी मारतो आणि सगळ्या गावाचा अपलोड बिघडवतो. रूटरला जोडलेल्या बायक्वाडमध्ये वीज वाढवणारं काहीच नसतं. रूटर कमाल २०० मिलीवॅट पाठवतो, अँटेना तेच एका दिशेला वळवतो.

काणकोण
गोव्याच्या दक्षिण टोकाला हेच आकडे चालतील का? इथे जवळचा टॉवर बीएसएनएलचा आहे, नवीन फोर-जी.

लघुलहरी
दूरसंचारच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच (सेवाक्षेत्रात) येतो, त्यामुळे जिओचे ३, ५, ४० तिथेही तेच. बीएसएनएलचं फोर-जी २८ आणि १ या बँडवर पाहा. ज्या गावांत सिग्नलच नव्हता तिथे फोर-जी नेण्याची योजना केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली, ते काम बीएसएनएलकडे आहे. डोंगर आणि दाट झाडी यांत २८ चा ७०० मेगाहर्ट्झ सगळ्यात लांब पोहोचतो.

पण आधी रूटरची माहितीपत्रिका उघडा. कित्येक जुन्या रूटरमध्ये बँड २८ नसतोच, त्याला कितीही मोठा अँटेना लावा, तो ऐकणार नाही. बँड असेल तर वरच्या मापांप्रमाणे बाजू ९९.५ मिमी, पत्रा ४० सेंमीचा. एवढ्या पत्र्यावर वारा फार धरतो, म्हणून त्याऐवजी १० मिमी छिद्रांची जस्ताची वेल्डेड जाळी लाकडी चौकटीवर ताणून बसवा. ७०० ला ती अखंड पत्र्यासारखीच वागते. तार १४ गेजची लवते, ८ गेजची घ्या आणि बाजू तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. आरजी-६ या फ्रिक्वेन्सीवर मीटरला ०.२ डीबीच्या आसपास घेते, त्यामुळे १५ मीटर केबल इथे निर्धास्त चालेल आणि रूटर घरातच ठेवता येईल.